रक्त घेण्याआधी, प्रश्न विचारण्याआधी: कोकणात आरोग्य-संशोधन करणाऱ्यांसाठी नैतिक मंजुरी आणि सहभागींच्या संरक्षणाची वाट

समजा, कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात भातशेती करणाऱ्यांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीतून चिखलपाण्यात मिसळणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराचा, अभ्यास करायचा आहे. मे महिन्यात, पेरणीआधी एकदा रक्त घ्यायचं. लावणी, बेणणी आटोपून गणपती गावाला गेले की त्याच माणसांचं दुसऱ्यांदा घ्यायचं, आणि मधल्या चिखलाच्या दिवसांत कितीजणांना संसर्ग झाला ते बघायचं. दोनशे माणसं, एक प्रश्नावली, प्रत्येकाला दोन सुया. गावात पहिल्यांदा गेलं की सरपंच आपुलकीने म्हणतात, "तुम्ही काळजी करू नका, वाडीतल्या सगळ्यांना मी देवळात बोलावतो." संशोधकाला हायसं वाटतं. पण सरपंचांनी बोलावलं म्हणून माणूस रांगेत उभा राहिला, की त्याची 'नाही' म्हणायची वाट तिथेच अर्धी बंद होते.

सहभागींच्या संरक्षणाचे नियम पुष्कळ आहेत, फॉर्म त्याहून जास्त आहेत. ते सगळे शेवटी एका गोष्टीसाठी आहेत: समोरच्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हटल्यामुळे त्याचं काही बिघडता कामा नये. खालच्या प्रत्येक पायरीवर हीच कसोटी लावत जा. लेप्टोचा हा अभ्यास उदाहरणापुरता आहे. त्वचारोगाचा, रक्तदाबाचा, बालपोषणाचा अभ्यास असला तरी वाट हीच.

आधी कॅलेंडर, मग प्रोटोकॉल

कोकणातला माणूस वर्षभर एका जागी एकाच परिस्थितीत नसतो. हे विसरून आखलेला अभ्यास नैतिकदृष्ट्याही लंगडा पडतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मच्छीमार घरी सापडतो म्हणून हा काळ संशोधकाला सोयीचा वाटतो. पण नेमका याच काळात घरात पैसा येत नाही, त्यामुळे भरपाई म्हणून ठेवलेली साधी रक्कमही आमिषासारखी काम करते. जो माणूस एरवी नको म्हणाला असता, तो जुलैत हो म्हणतो. रायगडमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचा पाठपुरावा जानेवारीत ठेवला तर अर्धी वाडी रिकामी मिळेल. उरलेली अर्धी, म्हणजे म्हातारी माणसं आणि आजारी माणसं, वारंवार तुमच्या प्रश्नांना तोंड देईल. लावणीच्या पंधरवड्यात कुणालाही अर्धा तास थांबवू नका. तो अर्धा तास फुकट नसतो.

याउलट चाकरमानी गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात येतात. लहान मुलांचे आईवडील प्रत्यक्ष भेटायचे तर हेच दिवस. हे वेळापत्रक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, कारणांसह लिहा.

कोणती कमिटी आणि कोणता नियम

भारतात माणसांचा सहभाग असलेल्या आरोग्य-संशोधनासाठी आधार म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. औषध किंवा लसीची चाचणी असेल तर त्यावर नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ लागतात, उपकरणाची असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७. एथिक्स कमिट्यांची, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समित्यांची, नोंदणीही दोन ठिकाणी होते. क्लिनिकल चाचण्या तपासणारी कमिटी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदवलेली लागते. बाकीचं जैववैद्यकीय व आरोग्य-संशोधन तपासणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे 'नैतिक' पोर्टलवरून नोंदवावी लागते. आपला लेप्टोचा अभ्यास दुसऱ्या प्रकारात येतो, कारण त्यात औषधाची परीक्षा नाही. पण उद्या 'अर्ध्या लोकांना प्रतिबंधक गोळी देऊन बघू' असं ठरलं तर अभ्यासाची जातच बदलते. मग जुन्या मंजुरीवर काम रेटता येत नाही, नव्याने अर्ज लागतो.

आपल्या संस्थेत कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी सामंजस्य करार करता येतो. क्लिनिकल चाचणीसाठी मात्र अट कडक आहे: ती कमिटी त्याच शहरातली किंवा चाचणीच्या ठिकाणापासून ५० किलोमीटरच्या आतली हवी. किनाऱ्यावरच्या छोट्या रुग्णालयांना ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. कमिटीने गरज पडली तर उठून जागेवर जायचं असतं. मुंबईत बसून दोडामार्गातल्या वाडीवर लक्ष ठेवता येत नाही.

कमिटी निवडताना तिची रचना विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १५ सदस्य, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा आणि सदस्य-सचिव संस्थेतला. कायद्याचा जाणकार, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्र जाणणारी व्यक्ती आणि वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य नागरिक हवाच. किमान ५ जणांच्या गणपूर्तीशिवाय घेतलेला निर्णय वैध नाही, आणि त्या पाचांत वैद्यकीय व बिगरवैद्यकीय दोन्ही, शिवाय संस्थेबाहेरचं कुणीतरी असावं लागतं. हा सामान्य नागरिक शोभेपुरता नसतो. तुमचं माहितीपत्रक तो वाचतो आणि 'मला हे कळलं नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्या त्या एका वाक्याला फार्माकॉलॉजिस्टच्या दहा टिपांइतकं वजन असतं.

ज्याचा अभ्यास चर्चेला आहे तो सदस्य त्या वेळी खोलीबाहेर जातो आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जातं. छोट्या महाविद्यालयांत सगळेच एकमेकांचे सहकारी असतात, त्यामुळे हा नियम संकोचापोटी मोडला जातो. आपण स्वतःच खुर्ची सरकवून उठावं.

आढावा तीन प्रकारचा असतो: सूट, जलद आढावा आणि पूर्ण बैठक. सार्वजनिक आकडेवारीवरचं काम सहसा 'सूट' या प्रकारात बसतं. किमान जोखमीचं काम बऱ्याचदा जलद आढाव्यात जातं. जोखीम त्याहून जास्त असली, किंवा दुर्बल गट सहभागी असले, की पूर्ण बैठक. यात नेहमीची चूक एकच: 'आमची तर नुसती प्रश्नावली आहे, मंजुरी कशाला' असं स्वतःच ठरवून टाकणं. सूट असली तरी ती कमिटीने द्यायची असते, आणि तीही काम सुरू होण्याआधी. काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मागणं हा गैरप्रकार आहे. चांगली कमिटी ती देत नाही.

फाइल

अर्जाच्या फाइलमध्ये हे असतं: प्रोटोकॉल, सोप्या भाषेतला एक-दोन पानी सारांश, माहितीपत्रक आणि संमतीपत्र (इंग्रजी, मराठी आणि लागेल ती तिसरी भाषा), मराठीचं परत इंग्रजीत केलेलं भाषांतर, प्रश्नावली, संशोधकांची माहिती व प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, खर्चाचा अंदाज, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी, हितसंबंधांचं निवेदन, आणि नुकसानभरपाईची सोय.

फाइल परत येण्याची कारणं क्वचितच मोठी असतात. माहितीपत्रकावर आवृत्ती-क्रमांक आणि तारीख नसते. प्रोटोकॉलमध्ये ५ मिलिलिटर रक्त आणि माहितीपत्रकात 'थोडेसे रक्त' असतं. इंग्रजी पत्रकात 'उरलेला नमुना साठवू' असतं आणि मराठीत ते वाक्य गळलेलं असतं. हा शेवटचा दोष गंभीर आहे, कारण सही मराठी पत्रकावर होते आणि नमुना इंग्रजी पत्रकाप्रमाणे वापरला जातो. उलट भाषांतर तिसऱ्याच व्यक्तीकडून, मूळ इंग्रजी न दाखवता करून घ्या. गळती तिथेच सापडते.

उपचार किंवा प्रतिबंधाची तुलना असेल तर भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीत, सीटीआरआयवर, पहिला सहभागी घेण्यापूर्वी नोंद झालीच पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी बंद आहे. परदेशी संस्थेचा निधी किंवा सहकार्य असेल, नमुने देशाबाहेर जाणार असतील, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी लागते, आणि तिला वेळ लागतो.

माहितीपत्रक: इथे दिवस घालवा

सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी आणि सर्वांत कमी इथेच घेतली जाते. नमुन्यादाखल एक वाक्य बघा, असं वाक्य शेकडो पत्रकांत सापडतं:

"सदर अभ्यासांतर्गत आपला शिरारक्त नमुना द्विवार संकलित करण्यात येऊन प्रतिपिंड चाचणीद्वारे त्याचे विश्लेषण करण्यात येईल."

हे मराठी अक्षरांतलं परकं वाक्य आहे. कर्ता नाही, माणूस नाही, सुई नाही. तेच असं लिहा:

"तुमच्या हाताच्या शिरेतून आम्ही दोन वेळा रक्त घेऊ. एकदा आता, आणि एकदा गणपती झाल्यावर. प्रत्येक वेळी ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढं. सुई टोचताना दुखेल. तिथे एक-दोन दिवस काळंनिळं दिसू शकतं. क्वचित कुणाला चक्कर येते. या रक्तात आम्ही लेप्टोच्या जंतूंशी लढल्याच्या खुणा शोधू. कावीळ, एड्स किंवा दुसऱ्या कोणत्याही आजाराची तपासणी यात होणार नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. रक्त घेतलं म्हणजे सगळे आजार तपासले, असं गावात समजतात. मग निकाल 'ठीक' आला की साखर, कावीळ सगळंच ठीक, असा समज होऊन माणूस खऱ्या तपासणीला जात नाही. यात काय तपासणार नाही, हे सांगणं म्हणूनच काय तपासणार हे सांगण्याइतकं आवश्यक आहे.

पत्रकात पहिल्याच ओळीत 'हे संशोधन आहे, उपचार नाही' असं स्पष्ट हवं. पांढरा कोट, स्टेथोस्कोप आणि आरोग्य केंद्राची गाडी दिसली की लोक ते उपचारच धरून चालतात. पुढे उद्देश, लागणारा वेळ, जोखीम, फायदा (थेट फायदा नसेल तर 'तुम्हाला थेट फायदा नाही' हेच शब्द), गुप्तता, भरपाई, इजा झाल्यास मोफत उपचार, केव्हाही बाहेर पडायची मोकळीक, आणि दोन फोन नंबर: एक संशोधकाचा, एक एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा. दुसरा नंबर वगळला जातो, कारण आपल्याविरुद्ध तक्रार कुठे करायची ते आपणच सांगायचं हे जड जातं. तो नंबर ठळक छापा.

उरलेल्या नमुन्याचा पुढे वापर करायचा असेल तर त्यासाठी वेगळा चौकोन आणि वेगळी सही ठेवा. 'अभ्यासात आहे, पण उरलेलं रक्त टाकून द्या' असं म्हणण्याची सोय हवी.

भाषेचं म्हणाल तर छापील पत्रक प्रमाण मराठीत असलं तरी समजावणं त्या गावच्या बोलीत व्हावं. "नको वाटला तर नाय म्हणा, तुमचा औषाद बंद होवचा नाय" हे मालवणी वाक्य छापील परिच्छेदाहून खोल पोचतं. आगरी, कोळी, कातकरी वस्त्यांतही तेच. रत्नागिरीच्या ट्रॉलरांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी कामगार मोठ्या संख्येने असतात. त्यांना हिंदी येतं म्हणून हिंदी पत्रक पुढे करू नका. कामापुरतं हिंदी येणं वेगळं आणि जोखीम समजण्याइतकं येणं वेगळं. नेपाळी पत्रक आणि मुकादमाशी संबंध नसलेला दुभाषी, दोन्ही लागतात.

गावात शिरताना

ग्रामपंचायत, गावकी, मानकरी, कारखान्याचा मालक, बागायतदार, मुख्याध्यापक: या सगळ्यांची परवानगी घ्यावी. ती परवानगी म्हणजे गावात उभं राहायची मुभा, एवढंच. कुणाचीही संमती त्यांच्या सहीने होत नाही.

ही चूक किती महाग पडते ते देशाने बघितलं आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातल्या तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात बऱ्याच ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्या गेल्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पालघरमधल्या आश्रमशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

कोकणात गावकीची पकड आजही आहे. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकण्याची प्रकरणं वारंवार पुढे आली, आणि महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा ठिकाणी बैठकीत 'वाडीतल्या सगळ्यांनी रक्त द्यायचं' असं ठरलं, तर एकट्या माणसाने नकार द्यायचा कसा? उपाय असा. बैठकीत फक्त माहिती द्या, कुणाचीही नावं घेऊ नका, हात वर करायला सांगू नका. संमती नंतर एकेकाशी, घरी किंवा वेगळ्या खोलीत. आणि जमल्यास त्याच जागी सगळ्यांसाठी रक्तदाब तपासणीसारखं काही ठेवा, म्हणजे खोलीत कोण गेलं आणि आत जाऊन कोण 'नको' म्हणून आलं, हे बाहेर कळणार नाही.

आशाताईंचा विषय नाजूक आहे. त्यांच्याशिवाय गावात पान हलत नाही, पण गरोदरपणापासून लसीकरणापर्यंत लोक त्यांच्यावर अवलंबून असतात. आशाताईंना 'नाही' म्हणणं म्हणजे पुढच्या वेळी अडण्याची भीती. म्हणून त्यांनी निरोप द्यावा, घर दाखवावं, आणि संमतीच्या वेळी तिथून निघून जावं. त्यांना मोबदला दिवसावर द्या, डोक्यावर नको. डोक्यामागे पैसे ठरले की त्यांच्याही नकळत आग्रह सुरू होतो.

संमती घेताना

एका माणसाला अर्धा तास धरा. क्रम साधारण असा:

१. पत्रक वाचून दाखवा, पण सलग नाही. दर परिच्छेदाला थांबा.

२. मग त्यांनाच विचारा: रक्त कशासाठी घेतोय? किती वेळा? तुम्ही नको म्हटलंत तर केंद्रातल्या औषधाचं काय होईल? मध्येच सोडावंसं वाटलं तर? काही दुखलं-खुपलं तर फोन कुणाला? पाचपैकी एकही उत्तर चुकलं तर तो भाग पुन्हा समजवा. 'कळलं ना?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळे हो म्हणतात.

३. घरच्यांशी बोलायला वेळ द्या. उद्या येतो म्हणा आणि खरंच उद्या या.

४. सही येत नसेल तर अंगठा, आणि त्यासाठी निष्पक्ष साक्षीदार. तो तुमच्या पथकातला नको, मालकाचा माणूस नको, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. सगळं झाल्यावर शेजाऱ्याला हाक मारून सही घेणं हा खोटा दस्तऐवज आहे.

५. सहीची एक प्रत त्यांच्या हातात. तारीख त्यांनी स्वतः घालावी, आपण आधी घालून ठेवू नये.

इथे एक गोष्ट बाहेरून आलेल्या संशोधकाने शिकून घ्यावी. कोकणात तोंडावर नकार देणं अशिष्ट मानतात. "बघूया", "मागाहून सांगतो", "घरात विचारून बघतो", किंवा पोराला दारात पाठवून "बाबा नाहीत घरात" हे सगळे नकारच आहेत. दोनदा 'बघूया' ऐकलं की नोंदवहीत 'सहभागी नाही' लिहा आणि पुन्हा त्या दारी जाऊ नका. तिसऱ्यांदा जाणं म्हणजे दबाव.

मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची सहमती लागते: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. मूल मान हलवून नको म्हणालं तर पालकांची सही असूनही थांबायचं. कोकणातली खास अडचण म्हणजे आईवडील मुंबईला आणि मूल आजीकडे. आजी वाढवते म्हणून ती आपोआप कायदेशीर पालक होत नाही. आधी कमिटीकडून मंजूर करून घेतलेली पद्धत वापरा: व्हिडिओ कॉलवर पूर्ण समजावणं, पत्रक आधी पाठवणं, संमतीची नोंद, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष सही. किमान जोखीम असेल तर एका पालकाची संमती बहुधा पुरते, जास्त असेल तर दोघांची. आजीला मात्र बाजूला सारू नका. मूल रडलं तर समजावणारी तीच असते.

विंचूदंश, सर्पदंश अशा तातडीच्या प्रसंगांतलं संशोधन हा वेगळा प्रांत. महाडसारख्या ठिकाणी डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, म्हणजे मोलाचं संशोधन मोठ्या शहरातच होतं असं नाही. पण वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला चार पानी पत्रक वाचून दाखवणं निरर्थक असतं. अशा अभ्यासात संमती कोणाकडून, किती संक्षिप्त आणि सावरल्यावर पुन्हा कधी घ्यायची, हे कमिटीकडून आधीच लेखी ठरवून घ्यावं लागतं. रुग्ण दारात आल्यावर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

पैसे: भरपाई आणि आमिष यांतली रेघ

वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यातली बाई घ्या. टरफलातल्या तेलाने बोटांची साल निघते, त्या त्वचेचा अभ्यास करायचा आहे. तिची मजुरी सोललेल्या गराच्या किलोवर. तुम्ही तिला अर्धा तास बसवलंत तर तेवढे गर कमी. म्हणून भरपाई 'एक दिवसाची मजुरी' अशी ठोकळ नको. तिचा तासाचा सरासरी हिशेब काढा, त्या अर्ध्या तासाचे पैसे, कामाबाहेर बोलावलं तर एसटीचं भाडं, आणि वेळेनुसार चहा-नाश्ता. हा हिशेब अर्जात लिहा, म्हणजे कमिटीला रेघ दिसते. रक्कम हातात तिच्या, मालकामार्फत नाही. दोन भेटींचे पैसे दोन भेटींनाच द्या, शेवटी एकदम नाही. शेवटी एकदम ठेवले की माणूस पैशांसाठी अडकून राहतो. मध्येच सोडणारीलाही तोवरचे पूर्ण पैसे.

मालक विचारेल, "कुणाकुणाची बोटं जास्त खराब आहेत?" उत्तर एकच: संपूर्ण कारखान्याची एकत्रित टक्केवारी मिळेल, नावं नाहीत. हे उत्तर काम सुरू होण्याआधी लेखी देऊन ठेवा, कारण ज्या बाईची बोटं खराब तिचंच काम जाऊ शकतं.

गुप्तता: वाडीचं नाव म्हणजेच ओळख

नाव काढून कोड टाकला की गुप्तता झाली, हा समज कोकणात फसतो. इथे वाडीच्या नावातच जात असते: सुतारवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी. 'अमुक वाडीतली ४२ वर्षांची, पशुपालन करणारी स्त्री' एवढं लिहिलं की तालुक्याला कळतं ती कोण. म्हणून:

प्रकाशित करताना तालुक्यापर्यंतच थांबा. वय दहा-दहा वर्षांच्या गटात. तक्त्याच्या एखाद्या घरात पाचपेक्षा कमी माणसं येत असतील तर गट एकत्र करा. नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाकडे, आणि गोळा केलेल्या माहितीसोबत एकाच लॅपटॉपवर कधीच नाही. फोटो काढायचाच असेल तर त्यासाठी वेगळी संमती, आणि चेहऱ्यामागे घराचा नंबर, देऊळ, होडीचं नाव येणार नाही असा कोन.

निकाल कसा कळवायचा हे संमतीच्या वेळीच विचारून घ्या. घरात फोन एक आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे, असं सर्रास असतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निकाल गावाच्या ग्रुपवर जायला एक बोट पुरतं. 'प्रत्यक्ष सांगा', 'या नंबरवर फक्त भेटायला बोलवा, कारण सांगू नका' असे पर्याय फॉर्मवर ठेवा. पथकात स्थानिक मुलं-मुली असतील तर गुप्ततेचा करार त्यांच्याकडूनही सही करून घ्या, आणि त्यांना त्यांच्या स्वतःच्या वाडीत प्रश्नावली भरायला पाठवू नका.

बिघडलं तर

चक्कर, सूज, काळंनिळं ही अपेक्षित गोष्ट. तिची नोंद आणि जागेवर उपचार. गंभीर घटना, म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती किंवा कायमचं अपंगत्व, क्लिनिकल चाचणीत घडली तर संशोधकाने २४ तासांच्या आत कमिटीला, प्रायोजकाला आणि केंद्रीय नियामकाला कळवायचं, १४ दिवसांत कारणमीमांसेसह अहवाल द्यायचा, आणि कमिटीने ३० दिवसांत आपलं मत कळवायचं. आपल्यासारख्या निरीक्षणात्मक अभ्यासात मुदत कमिटी ठरवते. ती मंजुरीपत्रात शोधून अधोरेखित करा.

जुलैत वीज नाही, रेंज नाही, घाट बंद, हे कोकणात गृहीतच धरावं. 'नेटवर्क नव्हतं' हे कारण एकदा चालतं. म्हणून योजना लिहून ठेवा: रेंज कुठल्या सड्यावर मिळते, लँडलाइन कुठे, कागदी फॉर्म कोणाजवळ, गाडी कुणाची.

आणि आपल्या लेप्टोच्या अभ्यासात सर्वांत मोठं कर्तव्य रक्ताच्या नळीबाहेर आहे. दोन भेटींच्या मधल्या महिन्यांत सहभागीपैकी कुणाला ताप, अंगदुखी, लाल डोळे अशी लक्षणं आली तर चाचणीच्या निकालाची वाट न बघता त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवण्याची सोय हवी. लेप्टो लवकर उपचार मिळाला तर आटोक्यात येतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं, यकृत, फुप्फुसं घेऊन जातो. 'बघू किती जणांना होतो' म्हणून हात बांधून बसणं माफीलायक नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सिफिलिसच्या रुग्णांना उपचाराविना नुसतं निरखलं गेलं, आणि आजचे बरेच नियम त्या पापातून आले आहेत.

कमिटीची मंजुरी मिळाली की काम संपलं असंही नाही. निदान वर्षातून एकदा प्रगती-अहवाल जातो. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला, दुसऱ्या तालुक्यात गेलात, रक्त ५ ऐवजी ८ मिलिलिटर लागतंय, तर आधी दुरुस्ती-अर्ज, मग अंमलबजावणी. प्रोटोकॉलपासून चुकून ढळलात तर तेही लिहून कळवा. न कळवलेली चूक तपासणीत निघाली की ती लपवाछपवी ठरते.

निकाल परत गावात

प्रत्येकाचा स्वतःचा निकाल आधी, त्यांनी निवडलेल्या पद्धतीने. गावाचा एकत्रित निकाल त्यानंतर, बैठकीत, टक्केवारीत, कुठल्याही वाडीचं नाव न घेता. चाकरमानी हजर असतात म्हणून ही बैठक शिमग्यात किंवा मे महिन्यात ठेवलेली बरी. तिथे शोधनिबंधाच्या स्लाइड नकोत. एक पानी मराठी पत्रक पुरे: काय सापडलं, त्याचा अर्थ काय, पायाला जखम असेल तर चिखलात उतरताना गमबूट का घालावेत, ताप आल्यावर कुठे जायचं. आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीला लेखी प्रत द्या, तिच्यावर पोच घ्या.

कमिटीला अंतिम अहवाल पाठवा. कागदपत्रं किती वर्षं जपायची ते मंजुरीपत्रात असतं: आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार कमिटीकडे अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं, क्लिनिकल चाचणीत ५ वर्षं. पावसाळ्यात कोकणातली कपाटं घाम सोडतात आणि संमतीपत्रांना बुरशी धरते, तेव्हा प्लॅस्टिकच्या बंद पेट्या वापरा आणि जूनआधी एकदा पेट्या उघडून बघा. मुदत संपली की नाव-कोडची यादी जाळायची किंवा फाडयंत्रात घालायची, दोघांच्या सहीने, तारीख टाकून, आणि त्या नोंदीची एक प्रत सदस्य-सचिवांकडे.